रुमी मस्तगीचं गाव

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ग्रीक बेटांवरचा सचित्र लेख वाचला. पांढरी घरं, निळे घुमट, सूर्यास्त, आणि सूर्यास्ताकडे पाठ करून उभं राहिलेलं आपल्याकडचं एक जोडपं. शेवटी 'काय खरेदी कराल?' अशी चौकट आहे. तिच्यात फ्रीजला चिकटवायचं मॅग्नेट, नजर लागू नये म्हणून टांगायचा निळा डोळा आणि ऑलिव्हचा साबण, एवढ्यावर ग्रीस आटोपलं आहे. माझा लेखिकेशी वाद नाही. त्या जिथे गेल्या तिथे हेच विकत असतील. पण मी जन्मभर गल्ल्यावर बसलेला माणूस आहे, आणि एखाद्या गावच्या बाजाराविषयी कुणी तीन ओळींत बोललं की मला राहवत नाही. म्हणून हे पत्र. लांबलं आहे, कात्री लावायची तर माझ्या आठवणींना लावा, मालाच्या माहितीला लावू नका.

सांगलीच्या गणपती पेठेत वडिलांनी घातलेलं काष्ठौषधीचं दुकान मी अडतीस वर्षं चालवलं. हिरडा, बेहडा, शतावरी, नागरमोथा, गुग्गुळ, वावडिंग. लाकडी खणांच्या रांगा आणि प्रत्येक खणावर वडिलांच्या हातची चिठ्ठी. वरच्या फळीवर, केशराच्या डबीला लागून, एक काचेची बरणी असायची: रुमी मस्तगी, म्हणजे एका झाडाचा सुकलेला चीक. साबुदाण्यापासून हरभऱ्यापर्यंत लहानमोठे, फिकट पिवळसर, गोठलेल्या थेंबांसारखे दाणे. मुंबईहून, मस्जिद बंदरच्या व्यापाऱ्याकडून, पाव-पाव किलोने माल यायचा. मिरजेचे हकीम जवारिश नावाच्या पाचक चाटणासाठी न्यायचे, दोन-चार वैद्य न्यायचे, आणि पोट सतत बिघडणारी काही म्हातारी माणसं तोळा-दोन तोळे पुडीत बांधून न्यायची. महाग माल. पुडी बांधताना वडील पंखा बंद करायला लावत.

"रुमी म्हणजे काय हो?" असं मी लहानपणी विचारलं होतं. "रूमहून आलेली." "रूम कुठं?" वडिलांनी हातातला तराजू खाली न ठेवता पश्चिमेला, म्हणजे समोरच्या भांड्यांच्या दुकानाकडे, हनुवटी उडवली. "इराणच्या पलीकडं." माझ्या भूगोलाची गाडी पुढची साठ वर्षं तिथेच उभी राहिली. गिऱ्हाइकांना मी आणखी एक थाप ठोकून द्यायचो, की हिचं नाव मस्तकी आहे कारण ती मस्तकाला थंड असते.

तर गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं लेकीकडे गेलो. जावई बोटीवर होते, आता पिरेयस बंदरात एका जहाज कंपनीच्या कचेरीत बसतात. आपल्याकडची किती मुलं ग्रीक मालकांच्या बोटींवर काम करतात हे किनाऱ्यावरच्या लोकांना सांगायला नको. त्यांच्या कचेरीतल्या एका गृहस्थाने आम्ही आलो म्हणून मिठाईचा डबा पाठवला. गुलाबी-पांढऱ्या वड्या, पिठीसाखरेत लोळवलेल्या. मी एक तोंडात टाकली आणि चावायचा थांबलो. गोडामागून तो वास आला. चिरलेल्या देवदारासारखा, थोडा कापराकडे झुकणारा, वरच्या फळीवरचा. मी लेकीला म्हटलं, "ह्यात मस्तगी आहे." जावयांनी फोन लावून विचारलं. तिकडून उत्तर आलं की हो, मास्तिखा आहे, आमच्या बेटावर होते, जगात दुसरीकडे होत नाही. सँटोरिनीची तिकिटं काढायची राहिली होती ते बरं झालं. आमच्या हिला मात्र ते निळे घुमट पाहायचे होते. अजून ऐकवते.

त्या बेटाचं नाव खिओस. ग्रीसपेक्षा तुर्कस्तानला जवळ; मधलं पाणी सगळ्यात अरुंद जागी सातेक किलोमीटर. पिरेयसहून संध्याकाळी बोटीत बसलो आणि भल्या पहाटे, अंधारातच, उतरलो. धक्क्यावर ओळीने कॉफीची दुकानं, त्यांच्यामागे सिमेंटच्या चौकोनी इमारती. ही म्हणाली, "हे तर आपल्या वाशीसारखं दिसतंय." खोटं नव्हतं. 1881 च्या भूकंपात हे शहर जमीनदोस्त झालं, पुढे जमेल तसं बांधत गेले. फोटोला उभं राहावं असं बंदर नव्हे. आपल्या पुरवणीत ते का नसतं हे मला तिथेच समजलं.

बंदराच्या रस्त्याला समांतर, थोडी आत, एक अरुंद फरसबंद गल्ली जाते. तिचं नाव आप्लोतारिया. हाच गावचा मुख्य बाजार. गाड्या आत सोडत नाहीत, पण सकाळी माल उतरवायच्या वेळेला छोटे टेम्पो शिरतात आणि तेव्हा चालणाऱ्यांनी दुकानाच्या पायरीवर चढायचं असतं. शटर वर जाण्याचा आवाज, पायरीवर ओतलेलं पाणी, बेकरीतून येणारा तिळाच्या कड्यांचा वास. औषधांच्या दुकानावर हिरवा क्रॉस, शेजारी बायकांचे गाऊन, त्याला लागून शाळेच्या बुटांचं दुकान. एका दुकानात फक्त लोकर आणि बटणं. एक बाई कॉफी दळून घेत होती, आणि दळणाऱ्याशी तिचं जे काय चाललं होतं ते भाषा न कळताही मला कळत होतं: मागच्या वेळचा माल जाड होता.

गल्ली पहिल्यांदा पाहिली तेव्हाच मला बरं वाटलं, ते ह्या बटणांच्या दुकानामुळे. पाहुण्यांसाठी उभारलेल्या बाजारात बटणं मिळत नाहीत. तिथे जे विकायला असतं ते विकणाऱ्याच्या स्वतःच्या घरात कधी जात नाही. इथे तसं नव्हतं. पिशवी घेतलेल्या आजी, हातात हेल्मेट लटकवलेली पोरं, मधेच थांबून अख्खी गल्ली अडवून बोलणाऱ्या दोन बायका आणि त्यांना वळसा घालून जाणारा पाद्री.

मंगळवारी हे सगळं पाहिलं. दुपारी अडीचच्या सुमारास गल्ली ओस पडली आणि संध्याकाळी साडेपाचनंतर पुन्हा अशी भरली की लग्नाची वरात वाटावी. दिवसभराचं ऊन उतरलं की अख्खं गाव सहकुटुंब चालायला निघतं. खरेदी असतेच असं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, परत यायचं, ओळखीच्याला हटकायचं. बुधवारी दुपारी आम्ही बटणांच्या दुकानात जायचं ठरवलं (हिला जांभळी बटणं हवी होती) तर बंद. संध्याकाळी गेलो, तरी बंद. मला वाटलं हरताळ आहे. मग जावयांनी सांगितलं की इथे सोमवार, बुधवार, शनिवार दुकानं दुपारपर्यंतच. मंगळवार, गुरुवार, शुक्रवारी मात्र संध्याकाळी पुन्हा उघडतात. रविवारी कडकडीत बंद. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्यावरून पुण्याच्या दुकानदारांना आपण आयुष्यभर टोमणे मारले. त्यांनी हे वेळापत्रक पाहिलं तर उलट आपल्यालाच विचारतील, की आम्ही बुधवारी उघडतो त्याचं काय?

आता मुद्द्याच्या दुकानाकडे येतो.

आप्लोतारियात आणि तिच्या आसपास मस्तगी कुठे नाही ते विचारा. टूथपेस्ट, साबण, चेहऱ्याला लावायचं मलम, मुरांबा, बिस्किटं, दारू, आणि एल्मा नावाचा च्युइंगम, जो तिथली पोरं आपल्याकडच्या बडीशेपेसारखा सहज चघळतात. मला ही मस्तगी जरा अतीच वाटली. एका दुकानात मस्तगीची शेवयासारखी पास्ता पाहिली तेव्हा मनात आलं, ह्या लोकांच्या हाती आपली हळद लागली असती तर हळदीचे मोजे निघाले असते. पण एक अरुंद दुकान असं होतं की काउंटरवर चकचकीत खोकी आणि मागच्या फळीवर, वर, काचेची बरणी. मी थांबलो.

आत साठीच्या बाई होत्या. माझ्या नजरेचा माग काढत त्यांनी बरणी खाली घेतली आणि दोन दाणे तळहातावर ठेवले, एक मोठा, एक बारीक. मी मोठा उचलला आणि, सवयच ती, दातांत धरला.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण ही परीक्षा आता दुकानात बसणाऱ्या पोरांनाही ठाऊक नसते. खरी मस्तगी दातांत कडकन फुटते. जीभ आधी किंचित कडवट होते. मग तोंडाच्या उबेने ते तुकडे एकमेकांना धरायला लागतात आणि अर्ध्या मिनिटात मऊ, पांढरी, चिवट गोळी होते. चंद्रस, म्हणजे मस्तगी म्हणून खपवली जाणारी दुसरीच राळ, असेल तर तोही कडकन फुटतो, दिसायलाही तसाच, पण त्याचा भुगा होतो आणि तो भुगाच राहतो. तिसरा एक प्रकार आहे, बलुचिस्तानाकडच्या रानपिस्त्याचा चीक. तो मुंबईच्या बाजारातून पुढे जायचा म्हणून त्याला परदेशी औषधांच्या ग्रंथांत चक्क 'बॉम्बे मॅस्टिक' असं नाव आहे, आणि ते काही गौरवाने दिलेलं नाही. तो चघळायला चालतो, पण वासात मार खातो.

तर मी दात रोवून उभा. बाईंनी एक बोट वर केलं, थांबा. मी मान डोलावली, की ठाऊक आहे. त्या हसल्या, दुसरा दाणा स्वतःच्या दातांत धरला आणि आम्ही दोघं समोरासमोर, अर्धा मिनिट, काही न बोलता चघळत राहिलो. लेक म्हणाली, "बाबा, लोक बघतायत."

मग बोलणं झालं, जावयांच्या तोडक्यामोडक्या ग्रीकमधून. मी सांगितलं, आमच्याकडे वडिलांपासून विकली, पोटासाठी. बाईंनी स्वतःच्या पोटावर थापटून म्हटलं, "स्तोमाखी, स्तोमाखी." त्यांची आई रोज सकाळी एक दाणा खायची. मी मस्तकाची थाप सांगितली, तर त्यांनी जबडा हलवून दाखवला. ग्रीकमध्ये हे नाव दातावर दात घासण्या-चावण्याच्या शब्दाशी जोडलेलं आहे. इंग्रजीत चावण्याला 'मॅस्टिकेट' असा जो भारदस्त शब्द आहे तोही त्याच घराण्यातला. म्हणजे अडतीस वर्षं मी माल दाताचा आणि नाव डोक्याचं सांगत होतो.

आणि मग 'रुमी'. आम्ही हिला रुमी म्हणतो, असं जावयांनी सांगितलं तेव्हा बाई क्षणभर गप्प झाल्या. मग छातीवर बोट टेकवून म्हणाल्या, "रोमिया." जावयांनी नंतर उलगडा केला. ग्रीक लोक कित्येक शतकं स्वतःला रोमिओस म्हणवत आले, पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याची प्रजा म्हणून. बाई असेल तर रोमिया. तो शब्द घरगुती बोलण्यात अजून आहे. अरब-इराणी लोक त्याच मुलखाला रूम म्हणत, आणि तोच शब्द हकिमांच्या तोंडून मिरजेपर्यंत आला. वडिलांची हनुवटी बरोबर दिशेला उडाली होती. फक्त भांड्यांच्या दुकानापेक्षा जरा लांब.

बाईंनी आम्हाला बसवून थंड पाण्याचे पेले दिले आणि प्रत्येकात एक चमचा बुडवलेला: मस्तगीचा पांढराशुभ्र, पाकाचा घट्ट गोळा. ह्याला ते पाणबुडी म्हणतात. चमचा बाहेर काढून चाटायचा, पुन्हा बुडवायचा, शेवटी ते गोडसर झालेलं पाणी प्यायचं. पाचव्या-सहाव्या बुडीत ही म्हणाली की ठीक आहे, घुमट नाही पाहिले तरी चालतील. अर्थात परत बोटीवर चढेपर्यंतच.

मालाची माहिती पुरी करतो. झाड पिस्त्याच्या कुळातलं, झुडूपवजा, खोड पिळवटलेलं. भूमध्य समुद्राभोवती ही जात पुष्कळ ठिकाणी वाढते, पण वेचून विकावा असा चीक फक्त खिओसच्या दक्षिण भागात, वीसेक गावांत निघतो. आम्ही त्यांतल्या पिर्गी नावाच्या गावी एका दुपारी गेलो. तिथल्या घरांच्या भिंतींवर काळ्या-पांढऱ्या त्रिकोण-चौकटींची नक्षी अशी खरवडलेली, की संक्रांतीची रांगोळी उभी केल्यासारखी. सज्जांतून बारक्या टोमॅटोंच्या माळा वाळत टांगलेल्या. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून साफ करतात आणि तिच्यावर कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे खडूचीच म्हणा, पांढरी पूड पसरतात. मग खोडाला बारीक चिरा देतात. चीक टपकतो, त्या पांढऱ्यावर गोठतो, दोन-तीन आठवड्यांनी वेचतात. झाड पाच वर्षांचं झाल्यावर कुठे द्यायला लागतं, आणि पुढेही एका झाडाची वर्षाची कमाई दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. त्यानंतरचं काम बायकांचं: हिवाळाभर बसून एकेक दाणा सुईसारख्या पातीने खरवडून स्वच्छ करायचा. एका दारात दोन बायका ताट घेऊन बसल्या होत्या. हिने पाहिलं आणि म्हणाली, "तांदूळ निवडतायत." आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. कोणत्या भाषेत बोलल्या ठाऊक नाही, वीस मिनिटं बोलल्या.

मला तिथे उभ्या उभ्या वडिलांचा बंद केलेला पंखा आठवला.

किती मारामाऱ्या झाल्या ह्या दाण्यांसाठी! 1346 पासून दोनशेवीस वर्षं बेट इटलीतल्या जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांच्या ताब्यात होतं. मस्तगीचा मक्ता त्यांचा, भाव त्यांचा. गावं त्यांनी किल्ल्यासारखी बांधली, घराला घर चिकटलेलं. कोलंबसालाही ही ठाऊक होती. आपल्याकडे यायला निघून तो भलतीकडे पोचला, आणि 1493 च्या पत्रात राजाराणीला जी आश्वासनं दिली त्यांत मस्तगी आहे, जी आजवर फक्त खिओसला मिळते आणि तिथले सत्ताधारी मनाला येईल त्या भावाने विकतात, असं त्याने लिहिलं. मक्तेदारीवरची तक्रार तेव्हाही होती हे वाचून मस्जिद बंदरच्या आमच्या व्यापाऱ्याबद्दलचा माझा राग थोडा निवळला. 1566 नंतर तुर्की सुलतानांची सत्ता. 1822 मध्ये ग्रीकांच्या उठावाच्या वेळी त्यांच्या सैन्याने बेटावर हजारोंची कत्तल केली, हजारोंना गुलाम म्हणून विकलं. देलाक्र्वा ह्या फ्रेंच चित्रकाराचं त्यावरचं भलंमोठं चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. मस्तगीची गावं त्यातून सुरुवातीला वाचली, कारण माल सुलतानाच्या वाड्यात जात होता. बेट ग्रीसकडे आलं 1912 मध्ये. दहा वर्षांनी समोरच्या किनाऱ्यावरून निर्वासितांच्या होड्या आल्या, आणि त्यांतले पुष्कळ इथेच राहिले.

हे सगळं डोक्यात ठेवून आप्लोतारियाच्या टोकाच्या वुनाकी चौकात बसलो होतो. झाडं, बाकडी, पलीकडे जुना किल्ला, आणि एक मशीद, जिच्यात आता बायझंटाइन काळातल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. समोरून, तुर्कस्तानातल्या चेश्मे बंदराची सकाळची बोट आलेली. 2024 पासून तुर्की लोकांना काही ग्रीक बेटांवर उतरल्या उतरल्या सात दिवसांचा व्हिसा मिळतो, त्यामुळे माणसंच माणसं. गल्लीत दुकानांवर तुर्की पाट्या. तुर्क ह्या बेटाला साकिझ म्हणतात. साकिझ म्हणजे चघळायचा डिंक. आमच्या बाई तुर्की गिऱ्हाइकांना भाव तुर्कीत सांगत होत्या आणि घासाघीस झाली की ग्रीकमध्ये पुटपुटत होत्या. दुकानदाराला हे तंत्र कुणी शिकवावं लागत नाही. आम्हीसुद्धा मिरजेच्या गिऱ्हाइकाशी कानडीत भाव केला आणि मराठीत कपाळाला हात लावला आहे.

त्याच चौकात एक म्हाताऱ्यांचा कट्टा होता, हातात मण्यांची माळ खेळवत बसलेला. एकाने विचारलं, कुठले? इंडिया म्हटल्यावर त्याने माळ थांबवली आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "नर्गिस!" पन्नास-साठच्या दशकांत आपल्या सिनेमांनी ग्रीसला वेड लावलं होतं, आपल्या चालींवर ग्रीक गाणी निघाली होती, असं जावई म्हणाले. म्हाताऱ्याने एक चाल गुणगुणली. ओळखू आली नाही, पण मी ओळखल्यासारखं केलं.

आता ज्यासाठी हे पत्र वर्तमानपत्राला लिहितो आहे, ते. मस्तगी पिकवणाऱ्यांचा संघ 1938 मध्ये झाला. त्याआधी दलाल भाव पाडायचे, शेतकरी रडायचे, गोष्ट नेहमीचीच. तेव्हापासून सगळा माल संघाकडे जातो. युरोपातलं मूळस्थानाचं संरक्षण 1997 मध्ये मिळालं, युनेस्कोने ती पिकवण्याची विद्या 2014 मध्ये आपल्या यादीत घेतली. पिर्गी गावाबाहेर, मस्तगीच्या झाडांमध्येच, 2016 पासून तिचं संग्रहालय आहे. 2012 च्या वणव्यात कितीतरी बागा जळाल्या, लोकांनी पुन्हा लावल्या. आणि गल्लीत, बटणांच्या दुकानाशेजारी, तोच माल.

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बेदाण्याला त्याच्या आधी. देशभरातून हळद इथे सौद्याला येते. तरीही माझ्या जावयांनी मागच्या खेपेला विचारलं, "ऑफिसातल्या लोकांना न्यायला सांगलीची म्हणून हळद कुठं घेऊ?" तेव्हा मी अडतीस वर्षं बाजारात काढलेला माणूस त्यांना एका किराणा दुकानात घेऊन गेलो, आणि तिथे त्यांना दुसऱ्याच राज्यात भरलेलं पाकीट मिळालं. हरिपूरला जमिनीखालची हळदीची पेवं आहेत. मातीच्या पोटात, सिमेंटशिवाय, वर्षानुवर्षं हळद टिकवणारी. 2005 च्या महापुरात पुष्कळ बुडाली, पडली. आपल्या पुरवणीच्या लेखिकेला मी स्वतः नेऊन दाखवीन, गाडीभाडं माझं. उतरताना मात्र जपून. पेव नीट हवा खात नसेल तर आत जीव गुदमरतो, हे जुने हमाल आधी कंदील सोडून बघत.

एक कबुली द्यायची राहिली. नव्वदच्या दशकात एकदा मुंबईहून आलेली मस्तगी मी न तपासता बरणीत ओतली. दिवाळीची गर्दी होती. मिरजेच्या एका वैद्यबुवांनी पाव किलो नेली आणि तिसऱ्या दिवशी पुडी घेऊन परत आले. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, एक दाणा माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "चाव." चावला. भुगा झाला. ते पैसे न घेता निघून गेले आणि पुन्हा माझ्या पायरीवर चढले नाहीत.

आप्लोतारियातून मी शंभर ग्रॅम मोठा दाणा आणला. किंमत ऐकून ही दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली होती. परत आल्यावर आठव्या दिवशी मिरजेला गेलो. वैद्यबुवा नव्वदीचे, खाटेवर. ओळख सांगितली, ओळखलं. डबी उघडून एक दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि म्हटलं, "चावून बघा."

ते बराच वेळ दाण्याकडे बघत होते. मग तोंड उघडून दाखवलं. एकही दात नव्हता.

"आता परीक्षा कशी घेऊ?" म्हणाले. दाणा नाकाशी नेला, डोळे मिटले. मग आतल्या खोलीकडे तोंड करून नातसुनेला हाक मारली. तीही वैद्य आहे, नुकती पदवी घेतलेली. ती पदराला हात पुसत आली. त्यांनी दाणा तिच्या हातावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चाव."

आम्ही तिघं अर्धा मिनिट थांबलो.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त काष्ठौषधी विक्रेता, सांगली
(नाव छापू नये. पेठेत अजून थोडी उधारी वसूल व्हायची आहे.)